आवाज कशाबरोबर बदलतो?

गाडी घरी आणली त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. "गिअरबॉक्स आवाज करतो." आणि खाली, "अ‍ॅव्हरेज फारच कमी." मग दोन्हींना मिळून एक महिरप काढली आणि पुढे लिहिलं, "बॉक्स गेलाय." ती महिरप खोडायला मला पाच महिने लागले. आणि खोडल्यावर ती थोडीशी परत काढावी लागली, ते पुढे येईलच.

गाडी दोन सीटची, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो वगैरे काही नाही, मॅन्युअल सहा गिअर, ताकद मागच्या चाकांना. तेरा वर्षं जुनी, माझ्याआधी दोन मालक. अशी गाडी सेकंडहँड घेणारा माणूस अर्धा मूर्ख असतोच, मी ते मान्य करून घेतली होती. टेस्ट ड्राइव्हला छत उघडं होतं, त्यामुळे वाऱ्याखेरीज काहीच ऐकू आलं नाही. विकणाऱ्याने छत स्वतःहून उघडून दिलं होतं. त्याच्या मनात काही नसेलही. पण आता कुणी विचारलं तर मी सांगतो, पहिला फेरा छत लावून, काचा वर करून, गाणी बंद ठेवून मारा.

छत लावल्यावर तीन आवाज ऐकू आले. गाडी न्यूट्रलला उभी असताना खुळखुळ, डब्यात खडे हलवल्यासारखी. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना, विशेषतः सकाळी, एक कर्रकन दात खाल्ल्याचा आवाज. आणि साठच्या पुढे सुरू होणारी, वेगाबरोबर चढत जाणारी एक घूंऽऽ अशी घरघर, जी थेट दोन सीटच्या मधल्या बोगद्यातून, म्हणजे गिअरच्या दांड्याखालूनच येते असं वाटायचं.

एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने न्यूट्रलला गाडी ऐकली, क्लच दाबला, खुळखुळ थांबली. क्लच सोडला, सुरू झाली. "इनपुट शाफ्टचं बेअरिंग. बॉक्स उतरवावा लागेल. उतरवलाच आहे तर सगळी बेअरिंगं, सिंक्रो, क्लच, सगळंच करून टाकू." अ‍ॅव्हरेजबद्दल विचारलं तर म्हणाला, "बॉक्स एवढा जड फिरतोय म्हटल्यावर पेट्रोल खाणारच." दोन तक्रारी, एक इलाज. मला ते इतकं पटलं की मी जवळजवळ चावी देऊन आलो होतो.

थांबलो ते केवळ गाडी तिथे महिनाभर पडून राहील म्हणून. शहाणपणा वगैरे नव्हता.

त्या दिवसांत मी अ‍ॅव्हरेज नीट मोजायला घेतलं. डॅशबोर्डवरचा आकडा मी सोडून दिला. तो इंजेक्टर किती वेळ उघडे होते यावरून काढलेला अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत जरा खुशामतच करतो. टाकी फुल, नोझल पहिल्यांदा बंद पडली की थांबायचं, ट्रिप शून्य. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच मशीनवर परत पहिल्या टकपर्यंत. ट्रिपचे किलोमीटर भागिले बसलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण पंपाजवळची जमीन जरा तिरकी असली तरी दीड-दोन लिटरचा फरक पडतो. तीन टाक्यांची सरासरी आली लिटरला ९.१ किलोमीटर. गाडीच्या पुस्तकात शंभर किलोमीटरला ७.९ लिटर लिहिलंय, म्हणजे साधारण १२.७. पुस्तकी आकडा रस्त्यावर कुणालाच मिळत नाही हे धरूनही, चतुर्थांश पेट्रोल कुठे जातंय?

आणि इथे एका रात्री, झोप येत नसताना, मी एक हिशोब केला. त्या हिशोबाने बॉक्सवरचा आरोप निम्मा ढिला झाला.

गिअरच्या दातांची एक जोडी चांगल्या स्थितीत एखाद-दोन टक्के शक्ती खाते. एवढी हलकी गाडी सपाट रस्त्यावर ताशी नव्वदने चालवायला चाकांपाशी दहा-बारा किलोवॅट पुरतात. माझं पेट्रोल जवळपास एक तृतीयांशाने जास्त जात होतं. ते सगळं बॉक्स खात असेल, तर बॉक्समध्ये तीन-चार किलोवॅट जिरायला हवेत. शक्ती जिरते म्हणजे तिची उष्णता होते, दुसरं काही होत नाही. गीझरची कॉइल साधारण दोन किलोवॅटची. म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटात जवळपास दोन गीझर सतत चालू, आणि आत ऑइल जेमतेम दोन लिटर. तासाभराच्या प्रवासात ते जळून धूर निघाला असता. माझा बोगदा कोमट व्हायचा, बस्स.

मग मी वहीत दोन प्रश्न लिहिले. आवाजांसाठी: कशाबरोबर बदलतो? पेट्रोलसाठी: कुठे तापतं, आणि कुठे तापत नाही? दुसऱ्या प्रश्नाचा दुसरा भाग मी नुसता यमकासाठी लिहिला होता. तोच पुढे सगळ्यात मोठा चोर निघाला.

खुळखुळीपासून सुरुवात केली, कारण ती उभ्या गाडीत ऐकता येते. न्यूट्रलला, क्लच सोडलेला असताना, इंजिनाची ताकद बॉक्सात आणणारा इनपुट शाफ्ट फिरत असतो, त्याला जोडलेला शेजारचा काउंटर शाफ्ट फिरत असतो, त्यांच्याशी गुंतलेले सगळे गिअर मोकळे फिरत असतात. क्लच दाबला की हे सगळं थांबतं. त्यामुळे "क्लच दाबला की आवाज जातो" याचा अर्थ एवढाच की आवाज यांपैकी कशाचा तरी आहे. इनपुटचं बेअरिंग हा त्यातला एक संशयित, एकमेव नाही. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे बघितलं असतं, किंवा इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणाऱ्या पायलट बेअरिंगकडे, कारण क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आणि इनपुट शाफ्ट यांच्या वेगात फरक तेव्हाच पडतो.

आता बेअरिंग गेलं असेल तर रेस दिल्यावर आवाज वाढायला हवा, सूर चढायला हवा. मी हळूहळू रेस दिली. हजार, बाराशे, आणि चौदाशेच्या आसपास खुळखुळ गायब. दोन हजारला बॉक्स मुकाट. परत आयडलला आणलं की खडे हजर. एसी लावला तर खुळखुळ अजून मोकळी झाली. आणि सकाळी गार असताना जवळपास ऐकूच येत नव्हती, गाडी तापल्यावरच यायची. बेअरिंग असं वागत नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. ७५० आरपीएमला सेकंदाला पंचवीस. इंजिन आयडलला सलग फिरतच नाही, ते सेकंदाला पंचवीस धक्के देत फिरतं. ते धक्के गिळायचं काम क्रँकच्या टोकाच्या जड चाकाचं, म्हणजे फ्लायव्हीलचं वजन आणि क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा करतात. ते गिळले नाहीत तर बॉक्समधले मोकळे गिअर दातांच्या फटीत मागेपुढे आपटतात. रेस वाढली की धक्के दाट होतात, फिरण्याला सलगपणा येतो, आपटणं थांबतं. ऑइल गार आणि घट्ट असेल तर तेच आपटणं दाबून टाकतं.

मी जुन्या मालकाला फोन केला. "क्लच बदलला होता का कधी?" तो खुशीत म्हणाला, "हो तर! आणि तेव्हाच हलकं फ्लायव्हील टाकलंय. रेस कशी झटकन चढते बघितलंत ना?" बघितलं होतं. आवडलंही होतं. खुळखुळ ही त्या झटकन चढण्याची किंमत होती. आजार नव्हे, स्वभाव. वहीत पहिल्या आवाजासमोर मी "राहू दे" लिहिलं आणि ज्या बेअरिंगसाठी बॉक्स उतरवणार होतो ते बेअरिंग आजही आत फिरतंय.

फोन ठेवता ठेवता तो आणखी एक वाक्य बोलला होता. "गिअर ऑइल पण एकदम भारीतलं टाकलंय, डिफ्रन्शलमध्ये टाकतात ना, तेच दोन्हीकडे." डिफ्रन्शल म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. मी तेव्हा "अरे वा" म्हणालो.

दुसऱ्या आवाजाकडे, म्हणजे तिसऱ्या गिअरच्या कर्रकडे वळलो तेव्हा ते "अरे वा" घशात अडकलं.

आधी क्लच पूर्ण सुटतोय ना, हे बघितलं. आयडलला, न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. माझ्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नाही, त्यामुळे क्लच जरा जरी ओढत असेल तर रिव्हर्स बोंबलतो. गप्प गेला. म्हणजे क्लच ठीक, त्याच्या तेलात हवा नाही, सिलिंडर गळत नाही. चढावर सहाव्यात कमी रेसवर पूर्ण पाय दिला, आरपीएमचा काटा वेगाला सोडून पळाला नाही. क्लच घसरतही नाही.

मग डबल क्लच. दुसऱ्यातून क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, परत दाबायचा आणि तिसरा. वरच्या गिअरला जाताना मधल्या क्षणात इंजिन खाली येतं आणि काउंटर शाफ्टलाही हळू करतं. सिंक्रोला करायला काम उरत नाही. असं टाकल्यावर कर्र दहापैकी दहा वेळा गेली. म्हणजे दात शाबूत आहेत, सिंक्रो आपलं काम करत नाही.

सिंक्रो ही पितळेची रिंग, आतून शंकूसारखी. गिअरच्या शंकूवर ती घासते, त्या घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो, मग दांडा आत जातो. म्हणजे इथे घर्षण हवंय. आणि डिफ्रन्शलमध्ये नेमकं उलटं: तिथले हायपॉइड दात एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतात, प्रचंड दाबाखाली. तिथे लागतं जीएल-५ दर्जाचं ऑइल, ज्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं ढीगभर असतात, दातांवर थर धरून धातूला धातू लागू न देणारी. माझ्या गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्ससाठी स्पष्ट लिहिलंय: ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. जीएल-४मध्ये ही संयुगं साधारण निम्मी. जीएल-५ सिंक्रोच्या शंकूवर गेलं की रिंग घसरते, पकडत नाही. आणि काही ऑइलांमधलं गंधक गरम झाल्यावर पितळेला खातंही. "भारीतलं" ऑइल दोन्हीकडे टाकणं म्हणजे चष्मा आणि दातांची कवळी एकाच डबीत ठेवून जे हाताला येईल ते लावण्यापैकी आहे.

ऑइल बदलायचं काम मी स्वतः केलं, एका ओळखीच्या मिस्त्रीकाकांच्या रॅम्पवर. काका तिथेच स्टुलावर बसून होते. मी खालचा बोल्ट सैल करायला पाना लावला तर म्हणाले, "साहेब, आधी वरचा. भरायचा."

"का हो काका?"

"खालचा काढून सगळं ऑइल सांडलंत आणि वरचा निघालाच नाही, तर भरणार कुठून?"

एवढं साधं. मी वरचा बोल्ट आधी काढला. तो खरोखरच तेरा वर्षं कुणी न हात लावल्यासारखा बसला होता, लांब पाइप लावून मोकळा झाला.

खालच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्याच्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप होता, बोटाच्या पेरावर चोळला तर काहीच टोचत नव्हतं. काकांनी तो माझ्या हातातून घेतला, अंगठ्याने पुसला, उजेडात धरला. "हे चालतं. एवढ्या वर्षांत एवढं झिजणारच. दाताचा तुकडा असता तर बोट कापलं असतं." मग त्यांनी खालच्या ट्रेमधलं ऑइल एका पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणात घेतलं आणि ऊन पडत होतं तिथे हलवलं. तपकिरी ऑइलात सोनेरी जर फिरत होती. देवीच्या साडीच्या काठासारखी, अगदी बारीक. चुंबकाला ती चिकटलेली नव्हती, चिकटणारही नाही, पितळ ते. आणि वास! विझलेल्या काडेपेटीचा आणि कुजक्या अंड्याचा मिळून. जीएल-५चा वास एकदा नाकात बसला की डबा न बघता ओळखता येतो.

"सिंक्रो आहे हा," काका म्हणाले. "जेवढी गेली ती गेली."

नवीन जीएल-४ भरलं, वरच्या भोकातून बाहेर वाहायला लागेपर्यंत. दोनेकशे किलोमीटरनंतर फरक कळला. तापलेल्या गाडीत कर्र पूर्ण गेली. गार गाडीत पहिली पाच-सात मिनिटं अजून येते, घाई केली तर. मी घाई करत नाही. तिसऱ्यात टाकताना न्यूट्रलपाशी दांडा क्षणभर थांबवतो. पुढच्या कुणी त्यासाठी बॉक्स उघडायचा तर उघडो.

(एक चूक इथे झाली. त्याच दिवशी मी चारही टायरची हवा बघितली, कमी होती, भरून टाकली. त्यामुळे पुढच्या टाकीला अ‍ॅव्हरेज किंचित सुधारलं ते ऑइलने की हवेने, हे सांगायला मी कायमचा नालायक ठरलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मला माहीत होतं. हातात हवेचा पाइप असला की माणूस विसरतो.)

हवा भरतानाच टायरच्या कडेवरचे आकडे वाचले होते. २२५/५० आर १६. पुस्तकात २०५/५० आर १६. दिसायला भरदार दिसतं म्हणून कुणीतरी रुंद टायर टाकले होते. पण ५० हा आकडा रुंदीच्या टक्केवारीचा असतो. २०५च्या पन्नास टक्के १०२.५ मिलिमीटर, २२५च्या ११२.५. टायर नुसता रुंद नाही झाला, उंचही झाला. व्यास ६११ मिलिमीटरवरून ६३१वर गेला. सव्वातीन टक्के. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि ओडोमीटरला ते ठाऊकच नसतं. हायवेवर किलोमीटरचे तीस दगड मोजले, ट्रिपमध्ये एकोणतीस झाले होते. म्हणजे माझं ९.१ खरं तर ९.४ होतं. पेट्रोलचा एक थेंब न वाचवता अ‍ॅव्हरेज सुधारलं! घरी ही बातमी दिली तेव्हा अपेक्षित कौतुक झालं नाही.

राहिली घरघर. बॉक्सवर शेवटचा संशय तिचाच होता.

ऐंशीच्या वेगाने, रिकामा सरळ रस्ता बघून, क्लच दाबला, न्यूट्रल केलं आणि क्लच सोडला. इंजिन आयडलला आलं. घरघर तशीच, त्याच सुरात, गाडीबरोबर हळूहळू उतरत गेली. म्हणजे तिला इंजिनाशी, क्लचशी, इनपुट शाफ्टशी देणंघेणं नाही. परत वेग घेतला आणि ऐंशीलाच चौथा, पाचवा, सहावा लावून बघितला. माझ्या बॉक्समध्ये पाचवा डायरेक्ट आहे, एकास एक. त्यात ताकद सरळ आरपार जाते, काउंटर शाफ्टवर भार येत नाही. काउंटर शाफ्टचं बेअरिंग गेलं असतं तर पाचव्यात आवाज नरमला असता. तिन्ही गिअरमध्ये काडीचाही फरक नाही. उरलं बॉक्सच्या मागे जे जे आहे ते: ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट, डिफ्रन्शल, चाकांची बेअरिंगं. बॉक्सचं मागचं बेअरिंगही काटेकोरपणे या यादीत येतं, ते मी नाइलाजाने लिहून ठेवलं.

डिफ्रन्शल पाय दिल्यावर एका सुरात रडतं आणि पाय काढल्यावर दुसऱ्या, कारण दातांची एक बाजू सोडून दुसरी बाजू भार घेते. मी पाय देऊन-काढून बघितलं. सूर ढळला नाही.

याच्यापुढे माझं डोकं चालेना, कारण कान सांगत होते की आवाज माझ्या कोपराखालून येतोय. आणि एका रविवारी बायको बरोबर होती. तिला या कशात रस नाही. ती सहज म्हणाली, "तुझ्या मागच्या बाजूला काहीतरी गुरगुरतंय."

"मागे नाही गं, इथे. बोगद्यात."

"नाही. मागे. आणि आत्ता वळलास ना, तेव्हा वाढलं."

दोन सीटच्या गाडीत मागची चाकं जवळपास पाठीलाच टेकलेली असतात आणि पत्र्याचा बोगदा नळीसारखा आवाज पुढे आणून सोडतो. चालवणाऱ्याचा हात दांड्यावर असतो, दांडा थरथरतो, मग कानही तिथलंच ऐकतात. मी एक लांब वळणांचा रस्ता गाठला. उजवीकडे लांब वळण: गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं, घरघर वाढली. डावीकडे वळण: डावी बाजू हलकी, घरघर जवळजवळ पुसली गेली. डावं चाक. आणि आवाज मागे म्हणजे डावं मागचं.

घरी मागचा भाग जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवला (नुसत्या जॅकवर गाडी असताना तिच्या आसपास हात घालायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो). जुनी युक्ती आहे: एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंगची खरखर कानाला कळण्याआधी स्प्रिंगमधून तळहाताला कळते. उजव्या चाकाची स्प्रिंग शांत. डाव्या चाकाची...

डावं चाक फिरेचना. म्हणजे फिरत होतं, पण उजवं एका झटक्यात तीन-चार फेरे घेत होतं आणि हे अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं. हँडब्रेक सोडलेला होता. स्प्रिंगवर हात ठेवायची गरजच उरली नाही.

त्या रात्री मी वहीतला दुसरा प्रश्न पुन्हा वाचला. कुठे तापतं? सकाळी ब्रेकला शक्यतो हात न लावता, म्हणजे पाय न लावता, वीस किलोमीटर चालवून आलो आणि चारी चाकांच्या डिस्कवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. तीन डिस्क चाळीसच्या आसपास. डावी मागची ९१. हा होता माझा गीझर, दोन किलोवॅटचा नसेल, पण चोवीस तास चालू. हँडब्रेकची केबल कॅलिपरवरची (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जी तरफ ओढते ती गंजाने पूर्ण मागे येत नव्हती आणि स्लाइड पिना सुकून बसल्या होत्या. आतल्या पॅडचं दोन मिलिमीटर उरलं होतं, उजवीकडे सात होतं.

काकांनी हब काढून बेअरिंग माझ्या हातात दिलं. फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं. ग्रीसचा रंग काळा आणि कोरडा, भाजल्यासारखा. "कॅलिपरने शेकून काढलंय," ते म्हणाले. चिकटलेल्या ब्रेकने कुणास ठाऊक किती महिने हब तापवला, ग्रीस वाळलं, बेअरिंग गेलं, आणि ते गुरगुरायला लागलं. म्हणजे माझी पहिल्या पानावरची महिरप अगदीच खोटी नव्हती. आवाज आणि अ‍ॅव्हरेज यांचा आजार एका जागी एकच होता. फक्त ती जागा बॉक्सपासून तीन हात मागे होती.

कॅलिपर, पॅड, बेअरिंग बदललं. घरघर गेली, इतकी की पहिल्या दिवशी डिफ्रन्शलचा एक बारीक, निरोगी गुणगुणाट पहिल्यांदाच ऐकू आला आणि माझ्या पोटात गोळा आला.

पण अ‍ॅव्हरेज तीन टाक्यांनंतर १०.२ वरच अडकलं. ओढणारं चाक गेलं तरी अजून बरंच बाकी होतं. प्लग बघितले, एअर फिल्टर बघितला. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा ओबीडीचा स्कॅनर लावला; पेट्रोल-हवेच्या मिश्रण दुरुस्तीचे आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे हवा मोजणारा सेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्यावर आळ घेण्यात अर्थ नव्हता. स्कॅनर काढणारच होतो तेवढ्यात कूलंटच्या तापमानाचा रकाना दिसला. हायवेवर, अर्धा तास चालल्यानंतर, ६९ अंश.

डॅशबोर्डवरचा काटा मधोमध होता. तो नेहमीच मधोमध असतो. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम तसा बसवलेला असतो, मधल्या मोठ्या पट्ट्यात इंजिन कितीही कमीजास्त तापो, काटा हलत नाही, म्हणजे माणूस घाबरत नाही. सिग्नलला उभं राहिलो की स्कॅनर ८५, ८८ दाखवायचा. पळायला लागलो, वारा लागला, की सत्तरच्या खाली. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच राहिला होता. इंजिन गार आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत होता, गार ऑइल घट्ट राहत होतं, आणि उतारावर पाय काढल्यावर इंजेक्टर जे पूर्ण बंद व्हायला हवेत तेही नीट होत नव्हते. खात्रीसाठी सकाळी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवला. थर्मोस्टॅट बंद असता तर ती बराच वेळ गार राहिली असती. दोन मिनिटांत कोमट लागली.

"कुठे तापत नाही?" यमकासाठी लिहिलेली ओळ.

थर्मोस्टॅट हाताच्या पंज्यात मावतो. बदलल्यावर हायवेला ८९, ९०, ९१. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ११.५. टायर अजून रुंदच आहेत, ते झिजतील तेव्हा २०५ घेईन. उजव्या पायाबद्दल वहीत एक वेगळं पान आहे, त्याच्यावर फक्त तारखा आहेत आणि दर तारखेपुढे "उद्यापासून".

परवा सिग्नलला शेजारी एक मोटरसायकलवाला थांबला. त्याने कान दिला, खाली वाकून बघितलं आणि हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय बहुतेक."

मी क्लच दाबून ठेवला. खुळखुळ थांबली. सिग्नल सुटला.